गिरगांवांत भाड्याची खोली

फोर्टांतील एखाद्या पेढीवर नव्यानें लागलेला कारकून, किंवा सासूसासरे, दीर आणि पुतणे यांच्यासह एकाच खोलींत चार वर्षें काढून वेगळें बिऱ्हाड करूं पाहणारें जोडपें गिरगांवांत जागा शोधावयास निघालें, म्हणजे पहिला धक्का बसतो तो भाडें किती आहे याचा नव्हे. एकसारख्या दोन खोल्यांच्या भाड्यांत केवढें अंतर आहे, याचा तो धक्का असतो. फणसवाडींत किंवा मुगभाटांत एखाद्या जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर शेजारीं शेजारीं दोन खोल्या आहेत अशी कल्पना करावी. लांबीरुंदी तीच, मोरी तेवढीच, नळाला पाणी येण्याची वेळ तीच. पहिल्या खोलींतील कुटुंब महिन्याकांठीं कांहीं शें रुपये भाडें देतें. दुसऱ्या खोलींतील कुटुंब जवळजवळ तेवढेच पैसे दर दिवसाला देतें, आणि शिवाय त्यानें एक मोठी रक्कम अनामत म्हणून अगोदरच मोजलेली असते.

स्वस्त खोली आहे. ती डोळ्यांनीं दिसते, तिच्या उंबऱ्याशीं उभें राहून आंतल्या गृहिणीशीं बोलतां येतें. पण ती भाड्यानें मिळत नाहीं. दलाल तिचें नांवही काढीत नाहीं. तिचें भाडें स्वस्त आहे म्हणूनच ती नव्या माणसास बंद आहे, हें ऐकावयास विचित्र वाटेल. पण गिरगांवांतच काय, मुंबई बेटांतील कोणत्याही जुन्या वस्तींत थोड्या मिळकतीचा माणूस जागा पाहूं लागला कीं अखेर याच गोष्टीशीं येऊन थडकतो. ही गोष्ट एकदां नीट समजली म्हणजे पुढील पुष्कळ हेलपाटे वांचतात.

मुंबईंतील भाड्याची खोली मुळांत जन्मली ती व्यापार म्हणून. गिरगांवांतील आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी हीं नांवें जुन्या बागांचीं आहेत. ताडदेवला १८५६ सालीं पहिली कापडगिरणी चालू झाली, बंदर वाढलें, कचेऱ्या वाढल्या आणि कोंकणांतून व घाटावरून माणसांचा ओघ सुरू झाला. तेव्हां बागांच्या जागीं पैसेवाल्यांनीं चाळी उठविल्या. लांबलचक गॅलरी, तिच्यावर उघडणाऱ्या खोल्यांची रांग आणि टोंकाला सामाईक नळ व संडास. याहून कमी खर्चांत अधिक बिऱ्हाडें मावतील अशी रचना कोणास सुचणें कठीणच होतें. जेथें १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सवास आरंभ झाला, ती केशवजी नाईकांची चाळ याच गिरगांवांतील. चाळींतील शेजाराचें कौतुक मराठी मनानें भरपूर केलें आहे आणि तें सगळेंच खोटें नाहीं. परंतु चाळ बांधणाऱ्यानें ती शेजारासाठीं बांधली नव्हती, भाड्यासाठीं बांधली होती.

१८९६ सालीं प्लेग आला आणि या दाट वस्तीचें भय सरकारास प्रथम वाटूं लागलें. १८९८ सालीं सिटी इंप्रुव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. गलिच्छ वस्ती उठवावयाची, रस्ते काढावयाचे आणि उठविलेल्या लोकांसाठीं स्वच्छ चाळी बांधावयाच्या, असें त्या ट्रस्टचें काम होतें. गिरगांवच्या उत्तरेकडून जाणारा सँडहर्स्ट रोड, म्हणजे आतांचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, त्याच ट्रस्टनें काढला. रस्ता झाला, मात्र घरें जितकीं पडलीं तितकीं उठलीं नाहींत, ही तक्रार तेव्हांपासूनची आहे. १९११ च्या खानेसुमारींत मुंबईंतील शंभरांपैकीं सुमारें सत्तर माणसें एकेका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत असल्याचें आढळलें.

पुढें गव्हर्नर लॉइड यांच्या अमदानींत, १९२० सालीं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी व सुमारें सोळा हजार खोल्या झाल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. आणि आज कोणास खरें वाटणार नाहीं अशी गोष्ट म्हणजे या खोल्यांस भाडेकरू मिळेनात! कामाच्या जागेपासून दूर, भाडें मजुराच्या ऐपतीबाहेरचें आणि सिमेंटच्या अंधाऱ्या भिंती. वरळीच्या चाळी तर इतक्या रिकाम्या पडल्या होत्या कीं १९३० च्या कायदेभंगांत सरकारनें त्यांचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. स्वस्त म्हणून बांधलेलें घर राहणाऱ्याच्या कामापासून दूर असलें तर तें स्वस्त राहत नाहीं, हा धडा मुंबईस तेव्हांच मिळाला होता. शिकला कोणीं नाहीं, हें पुढें दिसेलच.

आतां भाड्याच्या कायद्याकडे वळावें. पहिल्या महायुद्धाच्या महागाईंत भाडीं भडकलीं, म्हणून १९१८ सालीं मुंबईंत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धांत पुन्हा तोच प्रसंग आला, आणि स्वातंत्र्याच्या वर्षीं, १९४७ सालीं, मुंबई भाडेनियंत्रण कायदा मंजूर झाला. १ सप्टेंबर १९४० रोजीं ज्या जागेस जें भाडें होतें तें तिचें प्रमाण भाडें, आणि घरमालकानें त्याहून अधिक घेऊं नये, हें त्याचें मुख्य सूत्र. हें प्रमाण भाडें जो देत आहे व देण्यास तयार आहे, त्यास कायद्यांत सांगितलेल्या कारणांखेरीज काढतां येणार नाहीं, हें दुसरें सूत्र. कायदा करणाऱ्यांचा हेतु वाईट होता असें कोणीं म्हणूं नये. युद्धानें बांधकाम थांबलेलें, फाळणीमुळें निर्वासितांचे लोंढे येत असलेले. अशा वेळीं मालकाच्या मर्जीवर भाडेकरूस सोडणें म्हणजे त्याला रस्त्यावर सोडणें झालें असतें. कायदा मुळांत थोड्या वर्षांपुरताच होता. त्याची मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि १९४० चें भाडें पन्नास वर्षें जवळजवळ तेथल्या तेथेंच राहिलें.

या थांबलेल्या भाड्याचे परिणाम तीन झाले, आणि तिन्ही आजच्या भाडेकरूस भोंवतात.

एक म्हणजे दुरुस्ती थांबली. ज्या इमारतीचें महिन्याचें सगळें भाडें गवंड्याच्या चारदोन दिवसांच्या मजुरीसही पुरत नाहीं, तिचे वासे बदलण्यास मालक पुढें येईल कशाला? इमारती कोसळूं लागल्या तेव्हां १९६९ सालीं दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करून सरकारनें भाडेकरूंवर उपकर बसविला व दुरुस्तीचा भार स्वतःकडे घेतला. अशा उपकरप्राप्त इमारती मूळच्या १९,६४२ होत्या. आतां हें मंडळ म्हाडाचा भाग आहे. तथापि ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत आणि १६ जुलै २०१९ रोजीं डोंगरींतील केसरबाई इमारत कोसळून माणसें दगावलीं. तेव्हां उपकरानें भिंतींचें वय कमी होत नाहीं, हें उघड झालें.

दुसरा परिणाम पागडीचा. खोलीचें खरें मोल आणि तिचें कायदेशीर भाडें यांत जें अंतर पडलें, तें कोणाच्या तरी खिशांत जाणारच होतें. जुना भाडेकरू जागा सोडतांना नव्याकडून ठोक रक्कम घेऊं लागला, आणि मालक पावती नव्याच्या नांवें करून देण्यासाठीं त्यांतला वांटा, बहुधा तिसऱ्या हिश्शाच्या आगेमागें, मागूं लागला. हा व्यवहार कित्येक वर्षें गुन्हा होता आणि तरीही तो दिवसाढवळ्या चाले. २००० सालीं अंमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें त्यास मान्यता दिली. अर्थ इतकाच कीं कांहीं शें रुपये भाड्याच्या खोलींत शिरावयाचें तर नवागतास अगोदर घर विकत घेण्याच्या जवळपासची रक्कम मोजावी लागते, आणि ती मोजून तो मालक होत नाहीं, भाडेकरूच राहतो.

तिसरा परिणाम बंद कुलुपांचा. जुन्या भाडेकरूचीं मुलें आतां डोंबिवलीस, बोरिवलीस किंवा त्याहून दूर गेलीं आहेत. खोली सोडली तर हक्क गेला. दुसऱ्यास भाड्यानें दिली तर पोटभाडेकरू ठेवला म्हणून मालक दावा लावणार. आणि सतत सहा महिने सबळ कारणाशिवाय न वापरतां ठेवली, तरी तेंही कायद्यानें जागा काढून घेण्याचें कारण होतें. म्हणून एखादा भाऊ आठवड्यांतून दोन रात्री तेथें निजावयास येतो, दिवाळींत पणती लावतो, विजेचें बिल स्वतः भरतो. खोली ना वापरांत ना रिकामी. शेजारच्या खोलींत सात माणसें आळीपाळीनें झोंपत असतांना ही एक खोली वर्षांतील तीनशें दिवस अंधारांत असते, आणि याबद्दल त्या भावास बोल लावतां येत नाहीं. भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाकडे हक्क जातो असा नियम असल्यामुळें कोण राहत होतें व कोण नव्हतें यावरून सख्ख्या भावांत दावे होतात. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयांतील भाड्याच्या दाव्यांत घरमालक आणि भाडेकरू यांच्याइतकेंच कधीं कधीं एका घरांतील वैर दिसतें.

सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९७ मध्यें, हें गोठविलेलें भाडें काळाच्या ओघांत अन्यायाचें झालें आहे असा अभिप्राय दिला. नव्या कायद्यानें दरसाल शेंकडा चार वाढ करण्याची मुभा दिली. परंतु पंचवीस रुपयांवर शेंकडा चार म्हणजे एक रुपया. पाया जेथें इतका खालीं आहे तेथें अशा वाढीनें पाऊणशें वर्षांचें अंतर भरून निघत नाहीं.

मग नव्या माणसास खोली देतो कोण? ज्यांच्या मालकीचे स्वतंत्र ब्लॉक आहेत ते. तेही फार दिवस देत नव्हते. १९७३ सालीं कायद्यांत अशी दुरुस्ती झाली कीं त्या वर्षीं १ फेब्रुवारीस जे लोक परवान्यानें, म्हणजे लिव्ह-लायसन्सच्या करारानें राहत होते, ते सर्व भाडेकरू समजले जावे. आंत असलेल्यांचें भलें झालें; पण ज्यांनीं हें पाहिलें त्या प्रत्येक घरधन्यानें पुढें जागा बंद ठेवली, दिली तर आपल्या कंपनीच्या नोकरासच दिली. नव्या कायद्यानें करार संपतांच जागा परत मिळण्याची सोय केली तेव्हां हीं कुलुपें हळूहळू उघडलीं. आज गिरगांवांत, किंबहुना साऱ्या मुंबईंत, नवागतास जी जागा मिळते ती बहुतेक याच वाटेनें. आणि या वाटेवर भाड्याला कायद्याची मर्यादा नाहीं, बाजाराची आहे. सबब या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य एका वाक्यांत असें निघतें कीं कायद्यानें दाराच्या आंतल्याचें रक्षण केलें, पण दाराबाहेर उभ्या असलेल्याची त्यास आठवण राहिली नाहीं.

ज्याची मिळकत बेताची आणि ज्यास तरीही शहराच्या पोटांतच राहावयाचें आहे, त्याच्यापुढें तीन वाटा उरतात. पैकीं सर्वांत जुनी वाट गांवाच्या नात्याची. धोबीतलाव आणि त्याच्या आसपास गोंयकारांचे कूड आहेत. एकेका गांवाचा एकेक कूड. त्या गांवच्या माणसास, विशेषतः बोटीवर नोकरीच्या शोधांत आलेल्यास, थोड्याशा मासिक वर्गणींत पेटी ठेवण्यास जागा आणि अंथरूण पसरण्यास जमीन मिळते. संध्याकाळीं तेर्स म्हणण्यास सर्वांनीं हजर राहावें असा नियम. लालबाग-परळांत कोंकणांतल्या गांवकऱ्यांच्या खोल्या याच धर्तीच्या होत्या: गांवाच्या मंडळानें एक खोली धरावयाची आणि पाळी पाळीनें वीसवीस गड्यांनीं तींत झोंपावयाचें. मुंबईंत स्वस्त भाड्याची अशी एखादी सोय टिकली असेल तर ती ही. मात्र ती एकट्या पुरुषासाठीं आहे. बायकोमुलें आलीं कीं कूड संपला आणि गांवकऱ्यांची खोलीही संपली. नोकरी करणाऱ्या एकट्या स्त्रीस वसतिगृहें आहेत. तेथेंही खाट मिळते, बिऱ्हाड होत नाहीं.

दुसरी वाट पागडीच्या खोलींत गुपचूप शिरण्याची. वर सांगितलेला तो दूर गेलेला भाऊ कधीं कधीं ओळखीच्या कुटुंबास म्हणतो, ‘राहा, फक्त विचारलें तर आमचे नातेवाईक म्हणून सांगा.’ भाडें बाजाराहून कमी असतें, मोह होतो. परंतु येथें राहणाऱ्याजवळ कसलाच कागद नसतो. पावती मूळ भाडेकरूच्या नांवें, विजेचें बिल त्याच्या नांवें. मालकानें दावा लावला तर दोघेही जातात. आणि चाळ पाडून नवी इमारत व्हावयाची ठरली, तर जागा मिळते ती पावतीवाल्यास. पंधरा वर्षें राहिलेल्या कुटुंबास त्या दिवशीं नुसतें सामान उचलावें लागतें. मुलांस खोटें नातें पढवावें लागतें हा भाग वेगळाच.

तिसरी वाट सरळ कराराची, आणि थोड्या पैशाच्या माणसास जपून चालावें लागतें ती हिच्यावरच. ‘अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाहीं’ असें दलाल छातीठोकपणें सांगतो. इतर प्रांतांत तसें असेल. महाराष्ट्रांत तें साफ चूक आहे. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें करार लेखी पाहिजे, नोंदलेला पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरधन्याची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयीं राहणाऱ्याचें म्हणणें खरें धरलें जातें. आणि नोंदणी न करणाऱ्या घरधन्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड होऊं शकतो. खर्च म्हणावा तर क्षुल्लक आहे. समजा, भाडें महिना वीस हजार, अनामत एक लाख आणि मुदत एक वर्ष. वर्षाचें भाडें दोन लाख चाळीस हजार, त्यांत अनामतीवरचें शेंकडा दहा दरानें व्याज दहा हजार मिळविलें कीं अडीच लाख. त्यावर शेंकडा पाव रुपया मुद्रांक म्हणजे ६२५ रुपये, आणि नोंदणीची फी शहरांत एक हजार रुपये. दलाली म्हणून साधारण एका महिन्याचें भाडें जातें, त्यापुढें हा खर्च कांहींच नव्हे. तरीही पुष्कळ कुटुंबें तेवढेच वांचविण्यासाठीं कोऱ्या मुद्रांकावर सह्या करून बसतात.

अनामत हा खरा कांटा आहे. भाडें महिन्याच्या पगारांतून निघतें. अनामत निघते ती बायकोच्या बांगड्यांतून किंवा गांवच्या जमिनीवरील कर्जांतून. केंद्र सरकारनें २०२१ सालीं आदर्श भाडेकरार कायद्याचा जो नमुना राज्यांपुढें ठेवला, त्यांत राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असें सुचविलें आहे. पण तो नमुना आहे, ज्या राज्यानें स्वीकारावा त्याच्यापुरताच. मुंबईंत आणखी एक प्रकार चालतो. एकरकमी मोठी अनामत द्यावयाची आणि भाडें मुळींच द्यावयाचें नाहीं, किंवा नांवापुरतें द्यावयाचें. ऐकावयास गोड वाटतें. परंतु ती रक्कम घरधन्यानें कोठें गुंतविली, जागा अगोदरच बँकेकडे गहाण आहे कीं काय, एकाच जागेवर दोघांकडून अनामत घेतली आहे कीं काय, हें राहणाऱ्यास कळत नाहीं. आणि मुदत संपल्यावर पैसे परत मिळेपर्यंत जागेंत बसून राहण्याचाही हक्क त्यास सहसा नसतो. आयुष्याची पुंजी अशी कोणाच्या हवालीं करण्यापूर्वीं जागेचें खरेदीखत व त्याच्या नोंदणीचा उतारा पाहावा. चाळींतील खोली असेल तर भाड्याची पावती कोणाच्या नांवें आहे तें पाहावें. पावतीवर भाडेकरूचें नांव आणि करार करून देणाराही तोच, असें आढळलें तर मूळ घरमालकाची लेखी संमति असल्याखेरीज त्या कराराचा आधार वाळूचा आहे. अनामत धनादेशानें किंवा बँकेमार्फतच द्यावी आणि तिचा आंकडा करारांत लिहवून घ्यावा, हें सांगावयास नको. तरी सांगावें लागतें.

पैशाचा प्रश्न सुटला तरी दारावरचा प्रश्न सुटत नाहीं. घरीं काय शिजतें, आडनांव काय, माणसें किती, म्हातारें कोणी आजारी आहे काय, हे प्रश्न दलाल टेलिफोनवरच विचारून घेतो. मासळी खाणाऱ्या कोंकणी माणसास त्याच्या आजोबांच्या गिरगांवांत जागा नाकारली जाते, तेव्हां त्यास दुःख होतें तें साहजिक आहे. परंतु त्याच गिरगांवांत मुसलमानास किंवा नवबौद्धास विचारलेल्या प्रश्नांच्या वेळीं किती जणांस असेंच दुःख झालें होतें, हेंही आठवावें.

यापुढें कोणी म्हणेल, मग गिरगांवचा हट्ट कां? विरार आहे, बदलापूर आहे, तेथें याच पैशांत दोन खोल्या मिळतात. मिळतात खऱ्या. पण चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर आहे. फोर्टांत आठ वाजतां झाडलोट करणाऱ्या बाईस पहांटे कितीला उठावें लागेल, तिचें मूल कोणाजवळ राहील, परततांना गाडींत उभें राहण्यास तरी जागा मिळेल काय, हा हिशेब भाड्याच्या आंकड्यांत मांडला जात नाहीं. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी रेल्वेचें स्थानक गिरगांवांतच झालें आहे. आरेपर्यंतच्या माणसास गिरगांव जवळ आलें, विरारच्या माणसास नाहीं. वरळीच्या रिकाम्या चाळींचा १९३० चा धडा येथें पुन्हा वाचावा.

सरकारनें भाड्याचीं घरें बांधण्याचा विचार मधून मधून केला आहे. २००८ सालीं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें भाड्याच्या घरांची योजना काढली. खोली किती? १६० चौरस फूट! अठ्ठ्याऐंशीं वर्षांनंतरही सरकारच्या गजाला गरिबाची खोली तेवढीच मोठी वाटली. पुढें भाड्याची कल्पना मागें पडली, आणि त्यांतील पनवेलकडील कांहीं खोल्या गिरणीकामगारांस विकत दिल्या गेल्या. बीडीडी चाळींचेंही असेंच झालें. त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळींत पहिल्या ५५६ कुटुंबांस पांचशें चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तींही मालकी हक्कानें. ज्यांनीं तीन पिढ्या १६० फुटांत काढल्या, त्यांच्या आनंदांत कोणीं विरजण घालूं नये. पण शहरांतून थोड्या भाड्याच्या सोळा हजार खोल्या या रीतीनें कायमच्या वजा होत आहेत, हीही वस्तुस्थिति आहे. गिरगांवांत चाळ पडते आणि मनोरा उठतो तेव्हां हेंच घडतें: जुन्या भाडेकरूस घर, बांधणाऱ्यास विक्रीचे मजले, नव्या भाडेकरूसाठीं त्या नकाशांत एकही खोली काढलेली नसते. साऱ्या देशाचीच ही गत आहे. १९६१ सालीं शहरांतील निम्म्याहून अधिक कुटुंबें भाड्यानें राहत. २०११ च्या खानेसुमारींत तें प्रमाण चौथाईच्या थोडेंसें वर उरलें, आणि त्याच खानेसुमारींत देशांतील शहरांत एक कोटीहून अधिक घरें रिकामीं आढळलीं.

हें सारें होईपर्यंत ज्यास येत्या पहिल्या तारखेस जागा पाहिजे आहे त्यास थांबतां येत नाहीं. त्यानें जागा एकदां नव्हे, दोनदां पाहावी. आणि त्यांतली एक खेप पाणी येण्याच्या वेळची असावी. जुन्या गिरगांवांत पाणी ठराविक वेळींच येतें, आणि वरच्या मजल्यावर तें चढतें कीं घागरी वाहाव्या लागतात, हें दलालाच्या तोंडून कधींच कळत नाहीं. जिन्यांत भेटलेल्या म्हाताऱ्या बाईकडून दोन मिनिटांत कळतें. पावसाळ्यापूर्वीं म्हाडाचें मंडळ अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी दरसाल प्रसिद्ध करतें. तींत इमारतीचें नांव आहे काय तें पाहावें. जिन्याच्या लांकडाला हात लावून पाहावा, आणि छताला टेंकू दिले असतील तर ते केव्हांपासूनचे आहेत तें विचारावें. विजेचें मागील बिल थकलेलें नाहीं ना, सोसायटी असेल तर भाडेकरू ठेवल्याबद्दलचा आकार कोण देणार (तो सेवाशुल्काच्या शेंकडा दहाहून अधिक घेतां येत नाहीं), करार मुदतीपूर्वीं मोडावयाचा तर किती दिवसांची सूचना, हें लिहून घ्यावें. भाड्याची पावती देणें घरमालकास कायद्यानें बंधनकारक आहे. ती दरमहा मागावी, संकोच करूं नये. आणि नोंदलेल्या कराराची एक प्रत मुलाच्या शाळेच्या दप्तरासाठीं, एक शिधापत्रिकेच्या कचेरीसाठीं व एक घरांतल्या ट्रंकेसाठीं, अशा तीन प्रती त्याच दिवशीं काढून ठेवाव्या.